गेजचा काटा शून्यावर आला की

आठवड्यातून दोन दिवस, बुधवारी आणि शुक्रवारी, पहाटे साडेचारला माझा वर्ग भरत असे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ज्या विद्यापीठातून मी दूरस्थ पद्धतीने ‘टेक्निकल अँड प्रोफेशनल कम्युनिकेशन’ या विषयातील पदव्युत्तर पदवी घेतली, तेथे तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे सरकत, वर्ग साडेपाचला भरू लागे आणि मला तासभर झोप जास्त मिळे. पण मग वर्गाची शेवटची वीस मिनिटे कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाइलवर ऐकावी लागत आणि नेमका मुद्दा रंगात आला असताना बाणस्तारीच्या पुलाजवळ आवाज तुटत असे. गोव्यातील साखळीच्या आमच्या घरात त्या वेळी माझ्याशिवाय फक्त आई जागी असायची. चहा ठेवता ठेवता ती माझे इंग्रजी ऐके आणि दोन वर्षांत तिने एकच शेरा मारला, तो म्हणजे ‘तुमचे मास्तर प्रश्नच फार विचारतात, उत्तर देत नाहीत’.

विषयाचे नाव सांगितले की लोकांना इंग्रजी संभाषणाचा शिकवणीवर्ग आठवतो. मराठीत त्याला ‘तांत्रिक आणि व्यावसायिक संज्ञापन’ म्हणता येते. ‘संज्ञापन’ हा शब्द अचूक आहे, पण तो उच्चारला की समोरचा माणूस एक पाऊल मागे सरतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी सरळ सांगते की औषधांच्या कारखान्यातली यंत्रे कशी चालवायची आणि कशी धुवायची याचे कागद मी लिहिते आणि ते कसे लिहावेत हे शिकण्यासाठी विद्यापीठात नाव घातले. त्यावर हमखास येणारा प्रश्न असा की, त्याला पदवी कशाला लागते? प्रश्न रास्त आहे. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत मलाही तसेच वाटत होते.

रसायनशास्त्रात पदवी घेऊन मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात लागले. ज्यांचा या उद्योगाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, की येथे कोणतेही काम, अगदी जमीन पुसण्याचेसुद्धा, लेखी कार्यपद्धतीशिवाय होत नाही. तिला सगळे ‘एसओपी’ म्हणतात. औषधनिर्मितीच्या नियमांतील अनुसूची ‘एम’ने ती बंधनकारक केली आहे. प्रत्येक कामगाराने आपल्या कामाची एसओपी वाचायची, तिच्या सोबतच्या तक्त्यात ‘वाचले व समजले’ या रकान्यात सही करायची आणि मगच यंत्राला हात लावायचा, अशी शिस्त असते. काही चुकले तर त्याला ‘डेव्हिएशन’ म्हणतात, त्याची चौकशी होते, मूळ कारण शोधले जाते आणि उपाय लिहिला जातो. माझ्या डोळ्यांसमोरून गेलेल्या बहुतेक डेव्हिएशनांचा उपाय एकच होता: कामगारास पुन्हा प्रशिक्षण देणे. म्हणजे तोच कागद पुन्हा वाचायचा आणि त्याच रकान्यात पुन्हा सही करायची.

यातली एक गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यापासून सुरू झाले. गोळ्या तयार करताना ओले दाणे सुकवण्यासाठी एक यंत्र असते, त्याला आमच्याकडे ‘एफबीडी’ म्हणतात. खालून गरम हवा सोडली जाते, दाणे त्या हवेवर उकळत्या पाण्यासारखे उसळत राहतात आणि वर टांगलेल्या कापडी पिशव्यांमध्ये बारीक भुकटी अडते. दाण्यांचे पातेले एका ट्रॉलीवर असते. ते यंत्रात ढकलल्यावर सांध्यातून हवा निसटू नये म्हणून रबराच्या पोकळ गॅस्केटमध्ये दाबाची हवा भरतात. काम झाले की आधी ती हवा सोडायची, गॅस्केट सैल झाली की ट्रॉली ओढायची. हवा न सोडता ट्रॉली ओढली तर गॅस्केट फाटते. एका वर्षात ती तीनदा फाटली, तिन्ही वेळा वेगवेगळ्या माणसांच्या हातून, आणि तिन्ही वेळा पुनर्प्रशिक्षण झाले.

इंग्रजी एसओपीतील वाक्य असे होते की, ट्रॉली ओढून पातेले बाहेर काढावे, मात्र गॅस्केट रिकामी झाल्याची व दाबमापक शून्य दाखवत असल्याची खात्री केलेली असावी. क्रियापद आधी, अट मागून. कामगारांपैकी पुष्कळ जण सत्तरी, पेडणे आणि सिंधुदुर्गातले, मराठी शाळेत शिकलेले, रोज बसमध्ये मराठी वर्तमानपत्र वाचणारे. त्यांच्यासाठी कंपनीने मराठी भाषांतरही करून घेतले होते. ते असे: ‘प्रॉडक्ट कंटेनर ट्रॉलीद्वारे ओढून बाहेर काढण्यात यावा व तत्पूर्वी गॅस्केट निर्वात करण्यात आल्याची खातरजमा करण्यात यावी.’ हे वाक्य मी स्वतः तपासून त्याखाली सही केली होती आणि त्यात मला काहीही वावगे वाटले नव्हते. शुद्धलेखन निर्दोष होते. तिसऱ्यांदा गॅस्केट फाटली तेव्हा ज्याच्या हातून ती फाटली त्या वाळपईच्या कामगाराला मी विचारले, की हे वाक्य वाचले होते ना? तो म्हणाला, ‘मॅडम, वाचलं होतं. निर्वात म्हणजे आपोआप होत असेल असं वाटलं.’ शिवाय ‘करण्यात यावी’ म्हणजे कोणी करावी, हेही त्याला कळले नव्हते. ते पर्यवेक्षकाचे काम असावे अशी त्याची समजूत होती. त्या उत्तराने मी जी हादरले ती पुढच्या महिन्यात विद्यापीठांचे अर्ज शोधू लागले.

विद्यापीठात पहिल्या सत्रात जे शिकवले गेले त्यातला निम्मा भाग त्या कामगाराने दोन वाक्यांत सांगितलेलाच होता, फक्त त्याला आता नावे मिळाली. विमान उद्योगात देखभालीच्या पुस्तिकांसाठी एक नियंत्रित इंग्रजी वापरले जाते. ते १९८०च्या दशकात घडले आणि आज ‘एएसडी-एसटीई१००’ या नावाने ओळखले जाते. युरोपातल्या आणि आशियातल्या तंत्रज्ञांची मातृभाषा इंग्रजी नसते, तरी त्यांना विमान दुरुस्त करायचे असते, या साध्या अडचणीतून ते निर्माण झाले. त्यात साधारण नऊशे सर्वसामान्य शब्दांना परवानगी आहे, कृतीच्या वाक्यात वीसपेक्षा जास्त शब्द नकोत, एका वाक्यात एकच सूचना हवी, आणि अट असेल तर ती कृतीच्या आधी यायला हवी. हा शेवटचा नियम वाचला तेव्हा मी हसले. इंग्रजीला जे नियम करून शिकवावे लागते ते मराठीच्या हाडामांसात आहे. आपले क्रियापद शेवटी येते, आणि ‘करून’, ‘झाल्यावर’, ‘आला की’ अशी रूपे आधीचे काम आधी आणि नंतरचे नंतर सांगतात. ‘दूध उकळलं की गॅस बंद कर’ हे वाक्य आई उलटे बोलूच शकत नाही. भाषेने आयती दिलेली ही सोय आम्ही एसओपीत इंग्रजी वाक्याची बरोबरी करण्याच्या नादात टाकून दिली होती, आणि वर ‘तत्पूर्वी’ची झालर लावली होती.

शब्दांच्या बाबतीत मात्र मराठीला त्या नियंत्रित इंग्रजीकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यात एका शब्दाला एकच अर्थ देण्याचा कटाक्ष असतो. उदाहरणार्थ, ‘फॉलो’ हे क्रियापद ‘मागून येणे’ याच अर्थाने वापरायचे, ‘सूचना पाळणे’ या अर्थाने नाही. मी आमच्या मराठी एसओपी घेऊन बसले आणि ‘लावणे’ या एका क्रियापदाने माझी झोप उडवली. पंप लावा म्हणजे सुरू करा. झाकण लावा म्हणजे बंद करा. लेबल लावा म्हणजे चिकटवा. पाइप लावा म्हणजे जोडा. आता ‘व्हॉल्व्ह लावा’ म्हणजे काय? तीन कामगारांना विचारले, दोघांनी दोन वेगवेगळी उत्तरे दिली, आणि तिसऱ्याने तर ‘कुठला व्हॉल्व्ह त्यावर आहे’ असे सांगितले, जे खरे तर सर्वांत शहाणे उत्तर होते. दिवा, दार, झाड, मलम, गाडी आणि शिस्त हे सगळे ज्या भाषेत ‘लावता’ येते त्या भाषेचे मला प्रेमच वाटते, पण पन्नास अंश तापलेल्या यंत्रापाशी ते प्रेम बाजूला ठेवावे लागते. मी सत्राच्या शेवटी अठ्ठेचाळीस क्रियापदांची एक यादी केली आणि प्रत्येकाला एकच काम नेमून दिले. ‘लावणे’ला त्या यादीत जागा मिळाली नाही.

पहिल्या सत्रातला दुसरा गृहपाठ असा होता, की आपल्या हाताला सवयीचे असलेले एखादे काम लिहून काढायचे, ते काम कधीच न केलेल्या माणसाच्या हातात तो कागद द्यायचा आणि आपण तोंड बंद ठेवून बघत बसायचे. त्याने करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायचे. याला ते वापरक्षमतेची चाचणी म्हणतात. गणेशचतुर्थी तोंडावर आली होती, म्हणून मी माटोळी निवडली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळाच्या पेंडी, सुपारीची शिपटी, केळीचा घड, तोरिंजन, माट्टीची फळे, कांगले, आंब्याचे टाळे असे रानातले आणि कुळागरातले जे जे मिळेल ते बांधतात. आमच्याकडे हे काम काकांचे. चतुर्थीच्या दोन दिवस आधी ते रानात जातात, केवणीच्या सालीचे बंध काढून आणतात आणि कोणालाही जवळ येऊ देत नाहीत. मी लहानपणापासून खालून एकेक फळ त्यांच्या हातात देत आले आहे, तेव्हा ते काम मला येते असे मी धरून चालले होते.

कागद दिला आतेभावाला. तो पुण्यात वाढलेला, एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. माटोळी त्याने पाहिली होती पण तिला कधी हात लावला नव्हता. मी साहित्याची यादी केली होती आणि तिच्याखाली सात पायऱ्या लिहिल्या होत्या. त्याने यादीत पहिले नाव कांगल्यांचे पाहिले आणि कांगले बांधायला घेतले. तसे पाहिले तर ती यादी मला जशी आठवली तशी मी लिहिली होती, म्हणजे आधी रंगीत आणि नजरेत भरणारी फळे; पण वाचणाऱ्याने तिला क्रम मानले. अर्ध्या तासाने चौकटीची एक कड लालभडक फळांनी सजली होती. मग पाचवी पायरी आली, ‘माटोळी चारही बाजूंनी समतोल बांधावी’. तो कागदाकडे बघून मोठ्याने म्हणाला, ‘ताई, हे ठीक आहे, पण करू काय?’ मला बोलायची मनाई होती. त्याने नारळाची मोठी पेंड एका कोपऱ्याला बांधली, चौकट त्या बाजूला कलली, ती सरळ करायला त्याने समोरच्या बाजूला तोरिंजन अडकवले आणि हात काढताच ते देठातून निसटून खालच्या चौरंगावर धाडकन आपटले. गणपती अजून यायचा होता, एवढेच नशीब.

काका आरामखुर्चीत बसून सगळे पाहत होते. त्यांनी माझ्या हातातला कागद मागून घेतला, चष्मा लावला, तो पूर्ण वाचला आणि परत देत म्हणाले, ‘बाय, पयलीं जड तें बांद, मागीर उरिल्लें. हें खंय बरयलां?’ पहिल्यांदा जड ते बांधायचे, मग उरलेले. हे कुठे लिहिले आहेस? ते कुठेच लिहिले नव्हते, कारण ते मला ठाऊकच नव्हते. मग खोदून खोदून विचारल्यावर कळले, की नारळाची एक पेंड बांधताना समोरासमोरच्या कोपऱ्यावरची दुसरी पेंड कोणीतरी हातावर तोलून धरावी लागते आणि दोन्ही बंध एकदम आवळावे लागतात. त्यासाठीच लहानपणी मला आणि भावाला ते दोन टोकांना उभे करत. आम्ही मदत करतो आहोत असे आम्हाला वाटे; प्रत्यक्षात आम्ही तराजूची पारडी होतो. ‘समतोल बांधावी’ यात शेवटी दिसणारी स्थिती आहे, तिच्यापर्यंत नेणारी कृती नाही, हा माझ्या गृहपाठावरचा प्राध्यापकांचा शेरा मी अजून जपून ठेवला आहे. गृहपाठ इंग्रजीत द्यायचा होता आणि माट्टीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला सापडले नाही, तेव्हा फोटो चिकटवला. त्याचे वेगळे गुण मिळाले.

आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल यांनी १९८०च्या दशकात असेच बघत बसून एक निष्कर्ष काढला होता, की यंत्र समोर असलेला माणूस आधी पुस्तिका वाचत नाही, तो सरळ बटणे दाबू लागतो आणि अडला की मग कागदाकडे वळतो. त्यांनी त्यावरून बारीक, सुटसुटीत पुस्तिकांचा एक विचारच मांडला. या विचाराबद्दल आमच्या वर्गात बरीच चर्चा झाली, पण आतेभावाला पाहिल्यानंतर मला ती चर्चा थोडी लांबल्यासारखी वाटली. मजकुराचे संकल्पना, कृती आणि संदर्भ असे तुकडे करून ते पुन्हा पुन्हा वापरण्याची ‘डिटा’ नावाची पद्धत आम्ही एक अख्खे सत्र शिकलो. ती नोकरीला उपयोगी आहे, एवढेच म्हणून मी पुढे जाते.

दुसऱ्या वर्षी लेखी टिपणांच्या अपयशावर एक अभ्यासपत्रिका होती, आणि तिच्यात मला गॅस्केटचा थोरला भाऊ भेटला. अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी अपघात झाला. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकून राहिला, त्यातून पाणी जात राहिले, आणि मापकावर पातळी भरलेली दिसते म्हणून चालकांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठा कमी केला. अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला. या घटनेच्या तेरा महिने आधी, फेब्रुवारी १९७८ मध्ये, भट्टी बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीतले अभियंते बर्ट डन यांनी अंतर्गत टिपण लिहून हाच इशारा दिला होता. सप्टेंबर १९७७ मध्ये डेव्हिस-बेसी केंद्रात चालकांनी पाणी असेच वेळेआधी बंद केले होते. तेव्हा भट्टी कमी शक्तीवर चालू होती म्हणून निभावले. पूर्ण शक्तीवर असती तर गाभा उघडा पडला असता, असे डन यांनी लिहिले होते. त्यांनी सुचवलेल्या सूचना वीजकेंद्रांपर्यंत वेळेत पोचल्या नाहीत. टिपण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले, कोणाला ते नेहमीचेच वाटले, कोणाला त्याचे उत्तर देणे आपले काम वाटले नाही.

वर्गात बहुतेकांनी टिपणाच्या भाषेवर बोट ठेवले. विषयाची ओळ निरुपद्रवी आहे, धोका मधेच दडला आहे, वगैरे. मला ते पूर्ण पटले नाही आणि अजूनही पटत नाही. डन यांनी लिहिले ते समजण्यासारखे होते. ज्या कचेरीत कागद आला की त्यावर आद्याक्षरी करून पुढे सारणे हेच काम मानले जाते, तेथे वाक्य कितीही धारदार असले तरी ते फायलीत गुळगुळीत होते. ‘वाचले व समजले’ या रकान्याची मला तेव्हा फार आठवण झाली.

त्याच अभ्यासपत्रिकेत स्टीव्हन कॅट्झ यांचा १९९२ सालचा एक निबंध वाचायचा होता, आणि त्या पहाटे मी चहा घेतला नाही. त्यांनी ५ जून १९४२ रोजीचे एक जर्मन टिपण समोर ठेवले आहे. एका तांत्रिक अधिकाऱ्याने वरिष्ठाला गाड्यांमध्ये करायच्या सुधारणा कळवल्या आहेत: मालाचा भार, मागच्या बाजूची मोकळी जागा, आतला दिवा, साफसफाईसाठी जमिनीत नळी. मुद्देसूद, संक्षिप्त, एकही शब्द वायफळ नाही; आमच्या पाठ्यपुस्तकाच्या सगळ्या कसोट्यांना उतरणारे. त्या गाड्या माणसे विषारी वायूने मारण्याच्या होत्या, आणि डिसेंबर १९४१ पासून तीन गाड्यांनी सत्त्याण्णव हजारांवर ‘प्रक्रिया करण्यात आली’ असे त्यात नोंदवले आहे. कॅट्झ यांचे म्हणणे असे, की केवळ कार्यक्षमता हेच मूल्य मानणाऱ्या लेखनाला या टिपणात दोष दाखवता येणार नाही. मला मात्र त्या दिवशी ‘करण्यात आली’ एवढेच दिसत राहिले. कर्ता नाहीसा करणारे हे क्रियापद आमच्या एसओपीत, परिपत्रकात, सरकारी उत्तरात किती सहज येते. वाळपईचा तो कामगार ‘करण्यात यावी म्हणजे कोणी?’ असे ज्या निरागसपणे विचारत होता तो प्रश्न इतका लांबवर जातो, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.

या विषयाचा इतिहास शिकवताना सुरुवात इंग्रज कवी चॉसर यांच्यापासून करतात. त्यांनी १३९१च्या सुमारास अॅस्ट्रोलेब हे खगोलीय यंत्र कसे वापरावे हे लुइस या आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी सोप्या इंग्रजीत लिहिले होते. प्रत्येकाने आपापल्या प्रदेशातले एक उदाहरण आणावे असे सांगण्यात आले, आणि मी गार्सिया द ओर्ता यांना घेऊन गेले. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. १५६३ साली ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे भारतीय औषधी वनस्पतींवरील पुस्तक येथे छापले गेले. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्यांनी ते पोर्तुगीजमध्ये लिहिले, आणि तेही संवादाच्या रूपात: रुआनो नावाचा पाहुणा शंका काढतो आणि ओर्ता उत्तर देतात. पुढे १५६७ साली क्लुसियस यांनी त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये केला आणि तो युरोपभर वाचला गेला. गोव्यातल्या मूळ प्रतीत छपाईच्या चुका मात्र अमाप आहेत. वर्गातल्या एकीने विचारले की शुद्धिपत्र होते का? होते, आणि तेही चांगले लांबलचक. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ओर्ता यांचे नाव आहे, आणि कॉलेजात असताना त्या बागेत डबा खाऊनही ते कोण होते हे मला ठाऊक नव्हते, ही कबुली मी वर्गात दिली नाही, येथे देते.

शिकणे संपत आले असताना, जानेवारी २०२५ मध्ये, या व्यवसायाची अमेरिकेतली सर्वांत जुनी संघटना, १९५३ पासून चालत आलेली ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’, दिवाळखोरीत निघून बंद झाली. माझे विद्यार्थी सदस्यत्व त्याच वेळी चालू होते. नातेवाइकांना निमित्त मिळाले: ‘आता तर यंत्रच लिहितं, मग तू काय करणार?’ मी घाबरले नव्हते असे नाही. म्हणून एफबीडीचे ते जुने वाक्य मी एका चॅटबॉटला सुधारायला दिले. त्याने ते सुबक केले, लांबी कमी केली, आणि ‘निर्वात’ तसाच ठेवला. कामगार त्या गॅस्केटबद्दल ‘हवा सोड’ असे म्हणतात हे त्याला कोण सांगणार? ते ऐकायला रात्रपाळीत त्या खोलीत उभे राहावे लागते, आणि कानात यंत्राचा आवाज घुमत असताना समोरच्याचे ओठ वाचावे लागतात.

पदवीनंतर मी त्या एसओपीसाठी रीतसर ‘चेंज कंट्रोल’, म्हणजे बदलाचा लेखी प्रस्ताव, काढला. नवे वाक्य असे होते: ‘गॅस्केटची हवा सोडा. गेजचा काटा शून्यावर आला की ट्रॉली ओढा.’ त्यावर चार सह्या लागणार होत्या. एका तपासनिसाने भाषा बाळबोध झाल्याचा आक्षेप घेतला आणि दुसऱ्याने ‘आला की’ हे दस्तऐवजात शोभत नाही असे लिहिले. ‘शून्यावर आल्यानंतर’ चालेल का, असे विचारल्यावर ते चालेल म्हणाले, आणि मी ते मान्य केले, कारण क्रम टिकत होता. या लेखाच्या शीर्षकात मात्र मी माझे वाक्य ठेवले आहे. सह्या मिळायला अकरा आठवडे लागले. त्यानंतर आजवर गॅस्केट एकदा बदलावी लागली, ती रबर जुने झाल्यामुळे.

माटोळीचा कागदही तीनदा नव्याने लिहून झाला आहे. यंदा काकांचा खांदा दुखत होता, त्यामुळे ते खुर्चीतच बसले आणि आतेभावाने व मी मिळून माटोळी बांधली. तो कागद आता देवघराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. आमच्या पिढीच्या बऱ्याच घरांप्रमाणे काका बोलतात कोकणी आणि लिहितात मराठी. विसर्जनानंतर चौकट माळ्यावर ठेवताना मी पाहिले, तर सहाव्या पायरीखाली त्यांनी पेन्सिलीने एक ओळ घातली होती: ‘तोरिंजनाचा देठ सुकला असेल तर ते टांगू नये, ताटात ठेवावे.’